बिजात होतं, तर दोष कोणाचा?

फ्लॅनरी ओ'कॉनर ही अमेरिकी कथालेखिका पंधरा वर्षांची असताना, १९४१ साली, तिचे वडील ल्युपसने गेले. पुरती दहा वर्षंही उलटली नाहीत तोच आजार तिच्या अंगात शिरला. १९५०च्या डिसेंबरात ती कनेक्टिकटहून आगगाडीने जॉर्जियातल्या आपल्या घरी निघाली आणि पोहोचेपर्यंत पार खचून गेली. अटलांटातल्या डॉक्टरांनी निदान केलं, पण आईने ते मुलीपासून लपवलं. संधिवात आहे, असंच तिला सांगितलं गेलं. नवरा ज्या रोगाने गेला त्याचं नाव लेकीसमोर उच्चारायचं त्या माउलीला धैर्य झालं नसावं. १९५२च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीने फ्लॅनरीला खरं काय ते सांगून टाकलं. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी बाहेर आली होती.

फ्लॅनरी कडवी कॅथलिक होती. मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आईसोबत राहायची, मोर पाळायची, नेमाने प्रार्थनेला जायची आणि सकाळी लिहायची. पुढे कुबड्या आल्या. १९५८ साली आग्रहाखातर तिला फ्रान्समधल्या लूर्दला नेण्यात आलं. तिथल्या झऱ्यात स्नान केलं की असाध्य रोग बरे होतात अशी कॅथलिकांची श्रद्धा. तिने स्नान केलं, पण प्रार्थना केली ती हाडांसाठी नव्हे, हातातल्या कादंबरीसाठी. नंतर तिने तसं पत्रात मोकळेपणाने लिहिलं. ३ ऑगस्ट १९६४ रोजी मूत्रपिंडं निकामी होऊन ती वारली, तेव्हा तिचं वय होतं ३९.

बापाकडून लेकीकडे आलेला हा आजार, आणि देवावर नितांत भरवसा असलेली लेक. "हे माझ्याच वाट्याला का?" हा प्रश्न अशा ठिकाणी जितका टोकदार होतो तितका क्वचितच कुठे होत असेल.

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरं तयारच असतात. मागच्या जन्मीचे भोग आहेत. साडेसाती आहे. कुळाला काहीतरी लागलेलं आहे. अलीकडे सुशिक्षित घरांत या जोडीला आणखी एक उत्तर आलंय: जेनेटिक आहे. बोलणाऱ्याचा सूर मात्र बऱ्याचदा तोच राहतो, आणि लगेच पुढचा सवाल येतो, आईकडून आलं की वडलांकडून? ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण याच वयात डोकं वर काढतो. त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न इथे नुसता तात्त्विक राहत नाही. त्यावरून लग्नं मोडतात, सुना माहेरी धाडल्या जातात, आया आयुष्यभर स्वतःला कोसत राहतात. म्हणूनच त्याचा नीट, मुळापासून विचार व्हायला हवा.

आधी रोग समजून घेऊ. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि त्यांचा केरकचरा निमूट उचलला जातो. ल्युपसमध्ये ही सफाई कोलमडते. मेलेल्या पेशींच्या केंद्रातला डीएनए उघड्यावर राहतो आणि रोगप्रतिकारक यंत्रणा त्यालाच परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ही प्रतिपिंडं आणि त्यांचं लक्ष्य यांचे पुंजके रक्तातून फिरत फिरत जागोजागी अडकतात. त्वचेत, सांध्यांत, आणि सगळ्यांत घातक म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांत. एकेका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना सूज आली की प्रथिनं लघवीवाटे गळू लागतात, लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पावलांवर सूज दिसते. दुखत मात्र काहीच नाही. ल्युपसच्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा हा त्रास होतो, आणि त्यांतल्या काहींची मूत्रपिंडं कायमची बंद पडतात.

आता बिजाकडे वळू. २०२२च्या एप्रिलमध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅरोला विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन छापून आलं. स्पेनमधल्या एका मुलीला वयाच्या सातव्या वर्षीच तीव्र ल्युपस झाला होता. तिचा सगळा जनुकसंच तपासल्यावर टीएलआर-७ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आढळलं. विषाणूंच्या आरएनएची चाहूल घेणं हे या जनुकाचं काम. बदलामुळे ते इतकं हळवं झालं होतं की स्वतःच्याच शरीरातल्या रेणूंना शत्रू समजत होतं. संशोधकांनी तोच बदल उंदरांत घडवला, तर उंदरांनाही ल्युपस झाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांमध्ये दोन एक्स असतात, त्यांतला एक बहुतांशी मुका केला जातो, पण टीएलआर-७ काही पेशींत त्या मुकेपणातून निसटतं. बायकांना हा आजार इतका जास्त का होतो याचं एक कारण इथे दडलेलं असावं. ज्या पुरुषांना जन्मतः एक एक्स जास्त असतो त्यांच्यात ल्युपसचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे चौदा पट आढळतं, हाही त्याच दिशेचा पुरावा.

या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील मात्र वेगळाच आहे. त्या मुलीतला तो बदल आईकडेही नव्हता आणि वडलांकडेही नव्हता. तो तिच्यातच नव्याने उपजला होता. आईकडून की वडलांकडून, या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं: कोणाकडूनच नाही.

एका अक्षराने ठरणारा असा ल्युपस अगदी विरळा. सी-१-क्यू हे प्रथिन जन्मापासून नसलेल्या मोजक्या व्यक्तींपैकी बहुतेकांना ल्युपस होतो, हे त्याचं दुसरं उदाहरण. बाकीच्या रुग्णांत चित्र फार गुंतागुंतीचं असतं. जनुकसंचातल्या शंभराहून अधिक जागी ल्युपसशी जोडलेले लहानलहान फरक सापडले आहेत. आयआरएफ-५, स्टॅट-४, आयटीजीएएम, एचएलए गटातली काही रूपं ही त्यांतली नावं. एकेकटा फरक धोका किंचित वाढवतो, आणि त्यांतले काही तरी धडधाकट माणसांतही असतातच. हे वाचणाऱ्यांतही असतील.

मग बिजाचा वाटा किती? एकाच गर्भपेशीपासून झालेल्या, म्हणजे जनुकांनी जवळपास सारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असेल तर दुसऱ्यालाही तो होण्याचं प्रमाण एका गाजलेल्या पाहणीत २४ टक्के निघालं. उरलेल्या तीन चतुर्थांश जोड्यांत बीज तेच, तरी आजार नाही. तैवानमध्ये अख्ख्या देशाच्या आरोग्य विम्याच्या नोंदी तपासून २०१५ साली एक अंदाज मांडला गेला: लोकसंख्येतल्या ल्युपसच्या फरकांपैकी सुमारे ४४ टक्के आनुवंशिकतेने, सुमारे २६ टक्के कुटुंबाच्या समान परिस्थितीने आणि ३० टक्के प्रत्येकाच्या स्वतंत्र परिस्थितीने समजावून सांगता येतात.

हा आकडा अनेकजण चुकीचा वाचतात, म्हणून इथे जरा थांबलं पाहिजे. ४४ टक्के म्हणजे एखाद्या मुलीच्या आजाराचा ४४ टक्के भाग आजीने दिला, असं नव्हे. हा आकडा हजारो-लाखो माणसांतल्या फरकांची वाटणी सांगतो, एका माणसाविषयी काहीच सांगत नाही. एका व्यक्तीत बीज, ऊन, एखादा जंतुसंसर्ग, संप्रेरकं आणि निव्वळ योगायोग इतके एकजीव झालेले असतात की त्यांची टक्केवारी काढताच येत नाही. दोष वाटून द्यायला निघालेल्या माणसाला विज्ञान इथे रिकाम्या हाताने परत पाठवतं.

कर्माच्या सिद्धान्ताचं काय? तो सिद्धान्त घरोघरी ज्या रूपात बोलला जातो, तितका ढोबळ तो मुळात नाही. वेदान्ताने साठलेल्या कर्माचे दोन भाग मानले: फळ द्यायला लागलेलं आणि अजून न लागलेलं. लागलेलं भोगूनच संपवायचं. न लागलेल्याबाबत मात्र माणसाला वाव आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातलं. कर्माने बांधलेला माणूस स्वतंत्र कसा, हा पेच त्यांना टाळायचा नव्हता. त्यांचा सगळा कल प्रयत्नाकडे होता. दैवाचं नाव घेऊन हातावर हात ठेवणाऱ्यांना त्या ग्रंथात आधार सापडत नाही.

आयुर्वेदही या प्रश्नाशी झगडलेला आहे. सुश्रुतसंहितेत रोगांचं वर्गीकरण करताना आई-वडलांच्या बिजातल्या दोषाने होणारे रोग वेगळे काढले आहेत आणि त्यांचे मातेकडून आलेले व पित्याकडून आलेले असे दोन प्रकार सांगितले आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश गुरूला विचारतो, की आयुष्य आधीच ठरलेलं असतं का. आत्रेयांचं उत्तर आजही ताजं वाटतं. सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असतं तर औषधांची गरजच पडली नसती, आणि संकटापासून कोणी पळालंही नसतं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दैव आणि पुरुषकार या दोन्हींच्या बळाबळावर आयुष्य ठरतं, असा निर्वाळा ते देतात.

सर्वांत स्पष्ट बोलले ते बुद्ध. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो, की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते पूर्वकर्मामुळेच होतं असं काहीजण म्हणतात, तुमचं मत काय? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, या तिघांचा मेळ, ऋतुबदल, वागण्यातली हेळसांड, बाहेरचा आघात, आणि आठवं कर्माचं फळ. सगळं काही पूर्वकर्माचंच म्हणणारे लोक स्वतः अनुभवलेल्या आणि जगाने खरं मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे उडी मारतात, असं ते सांगतात. कर्म मानणारा, पुनर्जन्म मानणारा हा महापुरुष आजाऱ्याच्या उशाशी कर्माचं नाव घ्यायची घाई करू नका म्हणतो, याला फार मोल आहे.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतही हाच झगडा दिसतो. ईयोबाच्या पुस्तकात नीतिमान ईयोबाच्या सर्वांगावर फोड येतात, आणि सांत्वनाला आलेले मित्र त्याला पटवू लागतात, की तुझ्या हातून पाप घडलंच असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. फ्लॅनरीच्या आयुष्याला हा प्रसंग किती जवळचा आहे! बापाचा आजार लेकीला झाला खरा. तो बापाचा अपराध होता, असं कोण म्हणेल?

कर्माचा हिशेब पूर्ण कोलमडतो तो मात्र फ्लॅनरीच्याच राज्यात, तिच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी. जॉर्जियातल्या अटलांटा परिसरातल्या दोन काउंटींमध्ये ल्युपसच्या रुग्णांची कसोशीने नोंदणी झाली. गोऱ्या बायकांपेक्षा काळ्या बायकांत हा आजार तिपटीहून अधिक निघाला. शिवाय काळ्या रुग्णांची मूत्रपिंडं लवकर निकामी होतात हे डॉक्टरांना आधीपासून दिसतच होतं. २०१० साली त्यामागच्या एका कारणाचा शोध लागला. अपोएल-१ नावाच्या जनुकाची दोन रूपं पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात. त्सेत्से माशीच्या चाव्यातून शरीरात शिरणारा निद्रारोगाचा परजीवी रक्तात ठार मारण्याची ताकद ही रूपं देतात. एक प्रत असली तरी संरक्षण मिळतं, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, वाढली. दोन प्रती आल्या मात्र, तर मूत्रपिंडांना धोका. अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी सुमारे १३ टक्क्यांत अशा दोन प्रती असतात. त्यांनी ल्युपस होत नाही, पण ल्युपसने मूत्रपिंडाला धरलंच, तर ती बंद पडायची वेळ लवकर येते, हे २०१४च्या संशोधनात दिसलं.

म्हणजे पणजीच्या पणजीला ज्याने वाचवलं, त्यानेच पणतीच्या पणतीचं मूत्रपिंड धोक्यात आणलं. आणि मधे काय घडलं? माणसांना साखळदंडांत बांधून समुद्रापार विकलं गेलं. जिथे त्सेत्से माशीच नाही अशा देशात ती ढाल नुसतं ओझं होऊन राहिली. आशिया आणि आफ्रिकेत जास्त आढळणाऱ्या एफसीजीआर-२-बी जनुकाच्या एका रूपाचीही कहाणी अशीच. ल्युपसचा धोका वाढवणारं ते रूप मलेरियापासून बचाव करतं, असा पुरावा आहे. अशा वारशाला पुण्य म्हणायचं की पाप? त्याला नैतिक नाव देण्याचा हट्टच सोडून द्यावा लागतो.

पाप असलंच, तर ते दुसरीकडे शोधायला हवं. अमेरिकेत मूत्रपिंडाची क्षमता मोजण्याच्या सूत्रात १९९९पासून रुग्णाचा वंश धरला जाई. काळ्या माणसाचा आकडा त्यामुळे वाढून दिसे, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचा नंबर उशिरा लागे. २०२१ साली वंश वगळलेलं नवं सूत्र आलं, आणि ज्यांची प्रतीक्षा अशी लांबली होती त्यांना ती वर्षं परत मोजून देण्याचं काम २०२३मध्ये सुरू झालं. अपोएल-१ कोणी निवडलं नव्हतं. ते सूत्र मात्र माणसांनी लिहिलं होतं. फ्लॅनरीच्या पत्रांतही काळ्या लोकांविषयी वंशद्वेषी मजकूर आहे, आणि २०२० साली मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने वसतिगृहाला दिलेलं तिचं नाव त्यावरून काढून टाकलं. स्वतः निरपराध दुःख भोगणाऱ्यालाही शेजाऱ्याचं दुःख दिसेलच असं नाही, ही कटू गोष्ट इथे नोंदवायलाच हवी.

सिअ‍ॅटलची गोष्ट तर त्याहून अस्वस्थ करते. १९६०च्या सुमारास तिथे नियमित डायलिसिस शक्य झालं, पण यंत्रं मोजकीच. कोणाला जगवायचं हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली. एक धर्मोपदेशक, एक वकील, एक गृहिणी, एक बँकर, एक कामगार पुढारी, एक सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक. उत्पन्न, शिक्षण, संसार, चर्चमधला वावर असं सगळं तोलून ही माणसं निवाडा करत. १९६२च्या नोव्हेंबरात 'लाइफ' साप्ताहिकाने हे चव्हाट्यावर आणलं तेव्हा देश हादरला. चित्रगुप्ताची वही माणसांच्या हाती आली की तिच्यात काय लिहिलं जातं, ते तिथे दिसलं. १९७२च्या कायद्याने अमेरिकी सरकारने जवळपास सगळ्याच रुग्णांचा डायलिसिसचा खर्च उचलला आणि तो निवाडा करण्याची वेळच उरली नाही.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात नेमकं यावर बोट ठेवलं. जन्मतः काय मिळालं ते न्याय्यही नसतं आणि अन्याय्यही नसतं. समाजाच्या संस्था त्या वस्तुस्थितीशी कशा वागतात, न्याय-अन्याय तिथे ठरतो. धर्मग्रंथांतल्या त्या जुन्या उत्तरांशी हे अगदी मिळतंजुळतं आहे. विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या एका भिक्षूकडे कोणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी आनंदाकडून पाणी मागवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं आणि मग संघाला बोलावून खडसावलं. त्या भिक्षूचं पूर्वकर्म काय होतं, ही चौकशी त्या कथेत कुठेच नाही.

एडवर्ड आणि फ्लॅनरी या बापलेकीकडे पाहिलं, की हेच सत्य समोर येतं. बीज सारखं असेल-नसेल, काळ वेगळा होता. एडवर्ड यांच्या वेळी ल्युपसवर कामाचं औषधच नव्हतं. मुलीच्या वेळेला डुकरांच्या पियुषिका ग्रंथीतून काढलेलं एसीटीएच हे संप्रेरक मिळू लागलं होतं. त्यावर तिला तेरा-चौदा वर्षं मिळाली. एवढ्या अवधीत तिने दोन कादंबऱ्या छापल्या आणि विसाव्या शतकातल्या अव्वल इंग्रजी कथांपैकी काही लिहिल्या. ती आज असती, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, मायकोफिनोलेट, बेलिमुमॅब, डायलिसिस, प्रत्यारोपण हे सगळं तिच्या वाट्याला आलं असतं. भारतातही २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळण्याची सोय झाली आहे. हे सारं प्रयत्नाच्या बाजूला पडलेलं माप आहे.

म्हणून जनुकतपासणीच्या अहवालाला नवी पत्रिका करू नये. धोका वाढवणारे फरक सापडले म्हणजे मुलीला मंगळ सापडला, असं नव्हे. उलट, घरात कोणाला ल्युपस असेल तर तिच्या बहिणींनी, मुलींनी सांधेदुखी, उन्हात उठणारे गालावरचे चट्टे, रेंगाळणारा ताप अंगावर काढू नये, इतकाच त्या माहितीचा उपयोग. ल्युपस झालेल्या आईची बहुतेक मुलं या आजाराशिवायच वाढतात.

ज्या घरात ल्युपस आहे, त्यांनी ही चर्चा मिटल्यावर करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. संधिवाततज्ज्ञ सांगतील त्या मुदतीने, साधारणपणे दर तीन महिन्यांनी, लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. बरं वाटतंय म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आपल्या मनाने बंद करू नका, आणि ते चालू असताना डोळ्यांची तपासणी चुकवू नका. मूत्रपिंडाची बायोप्सी करा म्हटलं तर पुढे ढकलू नका. आणि लेकीच्या आजाराचं खापर तिच्या आईच्या, सुनेच्या आजाराचं खापर तिच्या माहेराच्या माथी फोडायला कोणी येऊन बसलंच, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.